मेकअप सेटिंग स्प्रे

मेकअप सेटिंग स्प्रे म्हणजे मेकअप पूर्ण झाल्यावर चेहऱ्यावर अगदी बारीक तुषारांनी मारायचं पातळ द्रावण. ते वाळलं की फाउंडेशन, पावडर, ब्लश या सगळ्यावर एक न दिसणारा पातळ थर राहतो आणि त्यामुळे घाम, तेल, रुमाल, मोबाइल यांनी मेकअप पटकन निघत नाही. पार्लरमध्ये याला सर्रास मेकअप फिक्सर किंवा नुसतं फिक्सर म्हणतात. आता तालुक्याच्या गावातल्या ब्रायडल मेकअप करणाऱ्या ताईंच्या किटमध्येही ही बाटली दिसते, पण ती नेमकं काय करते हे फारसं कुणी समजावून सांगत नाही, मग एक तर तिच्याकडून भलत्याच अपेक्षा ठेवल्या जातात नाहीतर "पाणीच तर आहे" म्हणून तिला बाजूला सारलं जातं. दोन्हीत नुकसान आपलंच.

मेकअप उतरतो कशामुळे हे आधी बघायला हवं. त्वचेतून दिवसभर तेल येत राहतं, कपाळ, नाक आणि हनुवटी म्हणजे ज्याला टी-झोन म्हणतात तिथे सगळ्यात जास्त, आणि हे तेल फाउंडेशनमधल्या तेलांत मिसळून त्याला पातळ करतं, मग ते सरकायला लागतं आणि नाकाच्या बाजूला, ओठांच्या कडेला गोळा होतं. दुसरा घाम. तो खालून येतो आणि वरच्या थराला उचलतो. तिसरं म्हणजे चेहऱ्याची हालचाल, हसणं, बोलणं, खाणं, त्याने डोळ्यांखाली आणि हसताना पडणाऱ्या घड्यांत रेघा पडतात. आणि चौथं घासणं, मग तो पदर असो, रुमाल असो की मास्क. 2020 नंतर मास्कच्या आत अर्धं फाउंडेशन लागायला लागलं तेव्हा कितीतरी जणींनी पहिल्यांदा सेटिंग स्प्रे विकत घेतला. स्प्रे या चारही गोष्टींवर सारखाच चालत नाही. घासण्यावर तो चांगला चालतो, घामावर बऱ्यापैकी, तेलावर मात्र कमी, कारण तेल शोषून घेणं हे पावडरचं काम आहे.

आता बाटलीत काय असतं. बहुतेक भाग पाणी, बऱ्याच स्प्रेंमध्ये अल्कोहोल, थोडं ग्लिसरीन किंवा तत्सम ओलावा धरणारं काहीतरी, सुगंध, टिकवण्यासाठी फिनॉक्सीइथेनॉलसारखं प्रिझर्वेटिव्ह, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थर तयार करणारं पॉलिमर. पॉलिमर म्हणजे लांबलचक साखळीसारखे रेणू. द्रावणात त्या साखळ्या सुट्या तरंगत असतात, चेहऱ्यावर पडल्यावर पाणी आणि अल्कोहोल उडून जातं, साखळ्या जवळ येतात, एकमेकींत गुंततात आणि रंगाच्या कणांना धरून ठेवणारी पातळ लवचिक फिल्म तयार होते. अल्कोहोलचं काम मुख्यतः लवकर वाळवण्याचं, मारल्या मारल्या जो गार झोत जाणवतो तो त्याच्या उडण्यामुळेच. पॉलिमर नसेल तर बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, मेकअप धरून ठेवणारं त्यात काही नाही.

या पॉलिमरांमध्ये सगळ्यात जुनं आणि ओळखीचं म्हणजे पॉलिव्हिनाइलपायरोलिडोन, थोडक्यात पीव्हीपी. जर्मनीत वॉल्टर रेप्पे या रसायनशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात ते बनवलं, दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना रक्तद्रवाच्या जागी देण्यासाठी ते वापरलं गेलं, आणि 1950 च्या दशकात ते हेअर स्प्रेमध्ये आलं. आपल्या घरात ते आधीपासूनच आहे, कारण जखमेवर लावतो त्या पोव्हिडोन आयोडिनमधलं पोव्हिडोन म्हणजे हेच, आणि औषधाच्या गोळ्या घट्ट बांधायलाही ते वापरतात.

पीव्हीपीची एक खोड मात्र कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी नक्की लक्षात ठेवावी. ते हवेतलं बाष्प ओढून घेतं. दमट हवेत त्याची फिल्म मऊ आणि चिकट होते, गालाला बोट लावलं की चिकचिक जाणवते, आणि मे महिन्यात मुंबईत दुपारचं लग्न असेल तर हा त्रास हमखास होतो. यावर उपाय म्हणून पीव्हीपीच्या मूळ घटकाला व्हिनाइल अ‍ॅसिटेटची जोड देऊन बनवलेलं व्हीपी/व्हीए कोपॉलिमर वापरतात, ते बाष्प कमी ओढतं. अ‍ॅक्रिलेट्स कोपॉलिमर पाण्याला त्याहून चांगलं टिकतं. म्हणजे समुद्राकाठच्या हवेसाठी बाटली निवडताना या दोन नावांकडे बघणं हे ब्रँडकडे बघण्यापेक्षा जास्त कामाचं आहे. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो, तिथे चिकटपणा नाही तर त्वचा ताणली जाणं आणि मेकअप भेगाळल्यासारखा दिसणं हा त्रास, तेव्हा अल्कोहोल कमी आणि ग्लिसरीन असलेला स्प्रे बरा पडतो.

ही गरज पहिल्यांदा भासली ती रंगमंचावर आणि कॅमेऱ्यासमोर. गरम दिव्यांखाली तासन् तास उभ्या राहणाऱ्या नटांचा जाड रंग टिकवण्यासाठी व्यावसायिक कंपन्यांनी फिक्सिंग स्प्रे आणि सीलर काढले. बर्लिनमध्ये 1945 साली सुरू झालेली क्रायोलान ही त्यातली एक, आपल्याकडच्या नाटक, मालिका आणि सिनेमांच्या रंगभूषाकारांना तिची टीव्ही पेंट स्टिक, म्हणजे कांडीच्या रूपातलं जाड फाउंडेशन, तोंडपाठ आहे, आणि तिचा फिक्सिंग स्प्रेही तसाच किटमध्ये रुळलेला. अमेरिकेत ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स स्टुडिओचा मेकअप विभाग सांभाळलेल्या बेन नाय यांच्या कंपनीचा फायनल सील हा पुदिन्याच्या वासाचा स्प्रे नाटकवाल्यांमध्ये आणि नर्तकांमध्ये प्रसिद्ध आहे. हे स्प्रे कडक असतात, रोज ऑफिसला जाताना वापरण्यासारखे नाहीत. सर्वसामान्य ग्राहकापर्यंत ही गोष्ट सौम्य रूपात पोचवण्यात अर्बन डिके या अमेरिकन ब्रँडच्या ऑल नाइटर स्प्रेचा वाटा फार मोठा, तो त्यांनी स्किन्डिनेव्हिया या स्प्रेच बनवणाऱ्या कंपनीसोबत तयार केला. आता शार्लट टिल्बरी, निक्स यांच्यापासून स्विस ब्युटी, शुगर यांच्यासारख्या आपल्याकडच्या ब्रँडपर्यंत सगळ्यांचे स्प्रे मिळतात. बाटलीवरचे सोळा तास वगैरे आकडे हे कंपनीचे दावे असतात, ते आपल्या हवेत आणि आपल्या त्वचेवर तसेच्या तसे लागू होतील असं धरून चालू नये.

बाजारात मिळणारी प्रत्येक फवारायची बाटली टिकवण्यासाठी नसते, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. काही स्प्रे फक्त ओलाव्यासाठी असतात. मॅकचा फिक्स प्लस हे त्याचं नेहमीचं उदाहरण, मूळचा फिक्स प्लस ग्लिसरीन, काकडी, कॅमोमाइल, ग्रीन टी असलेला मिस्ट म्हणजे नुसता ओलावा देणारा तुषार आहे, पावडर मारून चेहरा पिठूळ दिसत असेल तर तो पिठूळपणा तो फार सुंदर घालवतो, सगळे थर एकजीव दिसतात, पण टिकवण्यासाठी कंपनीने पुढे फिक्स प्लस स्टे ओव्हर हा वेगळा स्प्रे काढला. मग ओळखायचं कसं? घटकांची यादी वाचायची. भारतात कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे लेबलवर घटक द्यावे लागतात, एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने आणि त्याखालचे नंतर कुठल्याही क्रमाने. पीव्हीपी, व्हीपी/व्हीए, अ‍ॅक्रिलेट्स, पॉलियुरेथेन यापैकी एखादं नाव यादीच्या वरच्या भागात दिसलं तर तो खरा सेटिंग स्प्रे. सुगंध आणि प्रिझर्वेटिव्ह यांच्याही मागे दिसलं तर ते नावापुरतं. मॅट, म्हणजे चमक न ठेवणारा, असं लिहिलेल्या स्प्रेमध्ये बऱ्याचदा सिलिकासारखी बारीक पावडर असते म्हणून बाटली आधी हलवावी लागते, ड्युई, म्हणजे ओलसर चमक देणारा, असं लिहिलेल्यात ओलावा धरणारे घटक जास्त असतात, तेलकट त्वचेला पहिला आणि कोरड्या त्वचेला दुसरा एवढं कळलं तरी पुरे.

घरगुती उपायांबद्दल स्पष्टच लिहायला हवं. गुलाबजल मारल्याने चेहरा ताजा वाटतो आणि पावडर बसते, पण त्यात थर तयार करणारं काहीच नाही, ते उडून गेलं की संपलं. ग्लिसरीन आणि पाणी मिसळून मारलं तर चकाकी येते, पण जास्त झालं की चेहरा चिकट होतो आणि धूळ धरतो. कोरफडीचा गर पाण्यात मिसळला तर अगदी हलका थर येतो खरा, पण प्रिझर्वेटिव्ह नसल्यामुळे असं मिश्रण लवकर खराब होतं, आणि ते चेहऱ्यावर, डोळ्यांजवळ जाणार असतं. केसांचा स्प्रे तर चेहऱ्यावर अजिबात मारू नये. पॉलिमर दोन्हीकडे सारखे असले तरी हेअर स्प्रे केस कडक धरण्यासाठी बनवलेला असतो, त्यात अल्कोहोल आणि सुगंध भरपूर, डोळ्यांची आग होते, त्वचा सोलवटते, आणि ऐन कार्यक्रमाच्या दिवशी चेहऱ्यावर लाल चट्टे उठले तर काहीच करता येत नाही.

मारायची पद्धत सोपी आहे पण घाईत हमखास बिघडते. बाटली चेहऱ्यापासून साधारण एक वीत लांब धरायची, डोळे आणि तोंड मिटायचं, श्वास रोखायचा, आणि आधी कपाळापासून हनुवटीपर्यंत तिरपे दोन झोत एक्सच्या आकारात, मग कपाळ आणि नाकावरून टीच्या आकारात. चेहरा दमट दिसला पाहिजे, ओला नाही. थेंब दिसायला लागले म्हणजे बाटली फार जवळ आली किंवा नोझल खराब आहे, आणि त्या थेंबांचे नंतर फाउंडेशनवर गोल डाग पडतात, ते काढायला गेलं की खालचा थरही निघतो. त्यामुळे नवीन बाटलीचा पहिला झोत नेहमी तळहातावर मारून बघावा. मारल्यावर हात लावायचा नाही, पुसायचं नाही, हसायचंही नाही, एखादा मिनिट हाताने किंवा छोट्या पंख्याने वारा घ्यायचा, कारण फिल्म ओली असताना चेहरा हलला तर त्या घडीतच ती वाळते. अनुभवी आर्टिस्ट एकदाच शेवटी मारत नाहीत, क्रीमचे थर झाल्यावर एक हलका हात, मग पावडर, मग परत एक, असं करतात आणि त्याने पकड खरंच वाढते. पण याला मर्यादा आहे, पाच-सहा थर झाले की चेहरा चकाकतो आणि ताठ वाटतो. शिमर आयशॅडो उठून दिसायला हवी असेल तर ब्रशवर आधी रंग घेऊन मग त्यावर एक झोत मारायचा, बाटली डोळ्यांपुढे न्यायची गरजच नाही.

मराठी लग्नातल्या मेकअपमध्ये दोन-तीन गोष्टी वेगळ्या सांभाळाव्या लागतात. नथ मोत्यांची असेल तर स्प्रे आधी आणि नथ नंतर, स्प्रे पूर्ण वाळल्यावरच. खरे मोती नाजूक असतात, अल्कोहोल आणि सुगंधी द्रव्यांनी त्यांची झळाळी मंदावते, आणि आजीच्या बसराई मोत्यांची नथ असेल तर हा क्रम चुकवूच नये. मुंडावळ्यांचंही तेच. चंद्रकोर ओल्या कुंकवाने किंवा लायनरने काढली असेल तर ती वाळायच्या आत स्प्रे मारला की कडा पसरतात. आणि सगळ्यात जपायची गोष्ट होम. अल्कोहोल असलेला स्प्रे पेट घेतो, कॅनमधल्या स्प्रेत तर वर ज्वलनशील गॅसही असतो, त्यामुळे होमाजवळ, समईजवळ, औक्षणाचं निरांजन पेटलेलं असताना टचअपचा स्प्रे काढायचाच नाही. विधी चालू असताना घाम आला तर टिश्यूने नुसतं टिपायचं. घासलं की थर गेला, टिपलं की घाम जातो आणि थर राहतो. पाठवणीच्या वेळच्या डोळ्यांतल्या पाण्यालाही हेच लागू, आणि काजळ-मस्करा वॉटरप्रूफ नसेल तर वरचा स्प्रे त्याला फार वाचवू शकत नाही.

हे शेवटचं वाक्य पूर्ण मेकअपलाच लागू आहे. खाली मॉइश्चरायझर मुरलेलं नसेल, फाउंडेशन जाड थापलेलं असेल, तर स्प्रे त्या जाड थराला फक्त झाकतो, आणि खालचा थर सरकला की वरची फिल्म त्याच्याबरोबर सरकते. पातळ बेस, जिथे तेल येतं तिथेच पावडर आणि वरून स्प्रे, हे तिन्ही मिळून मेकअप टिकतो. फोटोत चेहरा पांढरा फटक येतो तेव्हाही दोष बहुतेक वेळा स्प्रेवर जातो, पण फ्लॅशमध्ये तसं दिसण्यामागे सहसा सिलिकाची एचडी पावडर, म्हणजे कॅमेऱ्यासाठीची अगदी बारीक पांढरी पावडर, जास्त झालेली असते.

संवेदनशील त्वचा, रोझेशिया (चेहरा लालसर होणारा त्वचाविकार), एक्झिमा असेल तर अल्कोहोल आणि सुगंध नसलेला स्प्रे घ्यावा आणि आधी कानामागे किंवा जबड्याखाली लावून एक दिवस थांबावं. दमा असलेल्यांनी खिडकी उघडी ठेवून वापरावा, किंवा दुसऱ्याने स्पंजवर मारून तो चेहऱ्यावर टेकवावा. कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधीच घालाव्यात. रात्री ही फिल्म नुसत्या पाण्याने नीट निघत नाही, आधी क्लीन्झिंग ऑइल किंवा बाम कोरड्या चेहऱ्यावर चोळून मेकअप सुटा करायचा आणि मग फेसवॉश. नुसत्या वाइप्सने घासून काढलं तर कानाच्या पुढे, केसांच्या रेषेपाशी आणि जबड्याखाली थर राहतो आणि बारीक पुटकुळ्या बहुधा तिथेच येतात. बाटली उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, आणि लेबलवर उघड्या डबीच्या चित्रात 12एम असं लिहिलेलं असेल तर ती उघडल्यापासून 12 महिन्यांत संपवावी.