वार्धक्यातील वेदनाशमन व गांजा

उतारवयातील दीर्घकालीन (तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या) वेदना सुसह्य करण्यासाठी गांजाच्या झाडापासून मिळणाऱ्या द्रव्यांचा केला जाणारा उपयोग. झिजेचा संधिवात, मणक्यांचे विकार, मधुमेहामुळे वा नागिणीनंतर होणारी मज्जातंतूंची आग ही अशा दुखण्याची नेहमीची कारणे होत.

या उपयोगाच्या प्राचीनतेविषयी एकमत नाही. अथर्ववेदात (११.६.१५) सोम, दर्भ, यव यांच्यासोबत भंग येतो. ती वनस्पती आजची भांग, म्हणजे गांजाचेच झाड, असे काही अभ्यासक धरून चालतात. परंतु तेथे मागणे संकटमुक्तीचे आहे, दुखण्यावरील उताऱ्याचे नाही. त्यानंतरच्या जुन्या वैद्यकसंहितांतील उल्लेखही वादग्रस्त आहेत. वैद्यकीय उपयोगाचा निःसंदिग्ध पुरावा वंगसेनाच्या चिकित्सासारसंग्रह या वैद्यकग्रंथापासून (साधारणतः अकरावे-बारावे शतक) मिळतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शार्ङ्गधर या वैद्यकग्रंथकाराने व्यवायी, म्हणजे पचण्याआधीच शरीरभर पसरणाऱ्या द्रव्याचे उदाहरण म्हणून भांग व अफू यांची जोडी दिली आहे. भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथात (सोळावे शतक) भांग कफनाशक, ग्राही (मल बांधणारी), पाचक व मोह-मद वाढवणारी ठरते. वेदनाशमन त्या गुणांत नाही. तेव्हा सांधेदुखीवरील वापराला थेट वेदकालापर्यंत नेणे धाडसाचे होईल. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ मध्ये कलकत्त्यात संधिवाताच्या रुग्णांना गांजाच्या राळेचा (चिकट स्रावाचा) अर्क देऊन निरीक्षणे नोंदवली. एका रुग्णाचे हातपाय जसे ठेवावेत तसेच राहू लागल्याचे त्यात नमूद आहे.

गांजातील टीएचसी (टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल) हे मादक द्रव्य रफाएल मेशुलाम व येहिएल गाओनी या इस्रायली रसायनशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये शुद्ध रूपात वेगळे केले. ते मेंदू व मज्जातंतूंतील सीबी-१ रिसेप्टरांना (पेशींवरील संदेशग्राहकांना) चिकटते. शरीर स्वतःच या रिसेप्टरांसाठी आनंदमाइड हे द्रव्य बनवते, असे १९९२ मध्ये आढळले. सीबीडी (कॅनाबिडिऑल) या गांजातील दुसऱ्या घटकाने नशा येत नाही; त्याचे कार्य अद्याप पुरते उलगडलेले नाही.

परिणामकारकतेबाबत तज्ज्ञसंस्थांची मते भिन्न आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन वेदनांबाबत पुरावा भरीव मानला; वेदनेच्या अभ्यासासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये मात्र सर्वसाधारण वापराला पाठिंबा दिला नाही. सरासरी आराम माफक असतो, तोही मुख्यतः मज्जातंतुजन्य दुखण्यात, असे म्हणणे सुरक्षित ठरते. सत्तरीपुढील रुग्ण अशा चाचण्यांत तुरळकच असतात.

वृद्धांच्या बाबतीत मात्रा व वेळ यांना असाधारण महत्त्व आहे. श्वासावाटे घेतलेल्या टीएचसीचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो. तोंडावाटे घेतल्यास एक-दोन तासही लागतात व तो कितीतरी अधिक टिकतो. अर्ध्या तासात गुण येत नाही म्हणून दुसरा डोस घेणारा माणूस दोन्ही डोसांच्या एकत्रित अमलाखाली येतो. रात्री लघवीसाठी उठताना रक्तदाब एकदम उतरतो, भोवळ येते, आणि त्या वयात खुब्याचे हाड मोडले तर अंथरूण सुटणे कठीण होते. टीएचसी चरबीत विरघळते. वयानुसार शरीरातील चरबीचे प्रमाण वाढत असल्याने ते रेंगाळते. गोंधळलेपणा व हृदयाची वाढलेली धडधडही दिसते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका संभवतो. झोपेच्या गोळ्यांसोबत गुंगी वाढते. मनोविकृतीचा पूर्वेतिहास किंवा अस्थिर हृदयविकार असल्यास टीएचसी टाळतात.

कायदा देशोदेशी वेगळा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये गांजा अमली पदार्थांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातील सर्वांत कडक अनुसूचीतून वगळला. अन्य नियंत्रण कायम राहिले.

जेथे वैद्यकीय परवानगी आहे तेथे सुरुवात बहुधा रात्रीच्या १ ते २.५ मिलिग्रॅम टीएचसीने किंवा केवळ सीबीडीने करतात आणि मात्रा काही दिवसांच्या अंतराने वाढवतात. काही आठवड्यांत झोप, चालणे वा रोजची कामे यांत फरक न पडल्यास औषध हळूहळू उतरवून बंद केले जाते.