अक्षर लागलं, पण उलगडलं का?

साताऱ्यात आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी मोडी वाचतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, तेव्हापासून त्यांच्या ओट्यावर पिशव्या घेऊन येणारे वाढलेत. परवा मीही आजोबांच्या ट्रंकेतला एक कागद घेऊन गेलो. गुरुजींनी भिंग धरलं, वरच्या दोन ओळी सोडल्या आणि थेट ‘मौ॥’वर बोट ठेवलं.

“हे मौजे. म्हणजे पुढं गावाचं नाव आलंच पाहिजे.”

पुढं ‘लीब’ असं काहीतरी होतं. मोडीत वेलांटी बहुतेक दीर्घच आणि अनुस्वार लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. “लिंब!” गुरुजी म्हणाले, “लागलं बघा.”

हे ‘लागणं’ फार नेमकं आहे. अक्षर लागतं, अर्थ लागतो. शास्त्रीबुवा पोथी लावायचे. हल्ली मात्र जो तो ‘मोडीचा उलगडा’ म्हणतो, ते मला खटकतं. मोडी विसरली गेलीच कधी? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेत शिकवत. मोडी वाचायची असते. हेरांचा सांकेतिक मजकूर फोडायचा असतो, कारण तो मुद्दाम लपवलेला असतो. उलगडा करायचा तो अशा लिपीचा, जी वाचणारं कुणीच उरलेलं नाही.

ब्राह्मीची गत तशी झाली होती. कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणारा जेम्स प्रिन्सेप १८३७ मध्ये सांचीच्या स्तुपावरच्या लेखांचे ठसे बघत होता. लेख छोटे-छोटे, आणि बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर, घंटेवर देणाऱ्याचं नाव घालतात, तसंच हे असलं तर? मग शेवटचा शब्द ‘दानं’. पहिल्या अक्षराला काना, दुसऱ्याला टिंब, दोन्ही जुळलं. त्याच्या आधी पुन्हा पुन्हा येणारं अक्षर ‘स’, म्हणजे ‘अमक्याचं’. गुरुजींचं ‘मौ॥’ आणि प्रिन्सेपचं ‘दानं’, युक्ती एकच. फरक इतकाच, की गुरुजींना अक्षरं आधीच येत होती.

कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखात गोपालाचा मुलगा संघमित्र यानं लेणं दान दिल्याचं म्हटलंय. शब्द आहेत ‘लेण देयधम’. यातला ‘लेण’ समजायला पंडित लागत नाही.

कधी अक्षरं लागतात, पण भाषा लागत नाही. इटलीतल्या एट्रुस्कन लोकांचे लेख आज खडाखड वाचता येतात, अर्थ मात्र थोडाच कळतो. सिंधू लिपीत तर दोन्ही अडलंय. लेख सरासरी पाचेक चिन्हांचे, भाषा कुठली ते ठरत नाही, आणि तोच मजकूर ओळखीच्या लिपीत कोरलेला दगडही अजून सापडलेला नाही. तमिळनाडू सरकारनं २०२५ मध्ये उलगड्यासाठी १० लाख डॉलरचं बक्षीस लावलंय.

आमच्या कागदात ‘लिंब’च्या पुढचा शब्द काही लागला नाही. तिथं कसर लागलीय. गुरुजींनी कागद ठेवून घेतलाय.