डॉप्लर हवामान रडारमधील अंकीय संकेत संस्करण

रडारच्या ग्राहीत परतलेल्या क्षीण प्रतिध्वनींचे अंकांत रूपांतर करून त्यांतून पावसाची तीव्रता, वाऱ्याचा अरीय (रडारच्या रोखाने असलेला) वेग आणि त्या वेगाचा विस्तार काढण्याची प्रक्रिया. १० सेंमी. तरंगलांबीच्या रडारची कंप्रता सु. ३ गिगाहर्ट्‌झ असते. सेकंदाला १० मी. वेगाने सरकणाऱ्या थेंबांमुळे तीत जेमतेम २०० हर्ट्‌झचा फरक पडतो. मायक्रोसेकंदभर टिकणाऱ्या एका स्पंदात तो मोजता येत नाही. म्हणून लागोपाठच्या स्पंदांमधील कलेचा (तरंगाच्या अवस्थेचा) बदल पाहतात.

त्यासाठी संकेताचे ९० अंश कलांतर असलेले आय आणि क्यू हे दोन घटक लागतात. पूर्वी ते सदृश (ॲनालॉग) मंडलांतच वेगळे केले जात. दोन्ही शाखांच्या विवर्धनात किंचित तफावत पडली, तरी वर्णपटात (प्रतिध्वनीची शक्ती कोणत्या वेगाला किती, हे दाखवणाऱ्या आलेखात) विरुद्ध दिशेच्या वेगाची खोटी प्रतिमा उमटे. पुढे मध्यस्थ कंप्रतेवरच (ग्राहीत संकेत ज्या कमी कंप्रतेला उतरवतात तिच्यावरच) अंकीकरण करून हे घटक गणिताने काढण्याची पद्धत रूढ झाली आणि हा दोष जवळजवळ नाहीसा झाला.

स्पंदयुग्म पद्धत : लागोपाठच्या दोन स्पंदांच्या नमुन्यांपैकी एकाला दुसऱ्याच्या संयुग्मीने (क्यू घटकाचे चिन्ह उलटवलेल्या रूपाने) गुणून अनेक जोड्यांची सरासरी घेतली की तिच्या कलेवरून सरासरी वेग मिळतो. या पद्धतीच्या श्रेयाबद्दल एकमत नाही. रमलर यांची १९६८ मधील टिपणे सर्वांत आधीची. पण ती बेल प्रयोगशाळेची अंतर्गत टिपणे होती. वुडमन व हॅगफर्स यांनी १९६९ मध्ये पेरूतील हिकामार्का येथे आयनांबराच्या (वातावरणातील उंचावरच्या विद्युत्‌भारित थराच्या) हालचाली मोजण्यासाठी याच तत्त्वाचा उपयोग प्रसिद्ध केला. मिलर व रॉकवॉर्गर यांचे सांख्यिकीय विवेचन १९७२ चे आहे. अग्रक्रम रमलर यांना देणे रास्त दिसते. मात्र आयनांबराच्या अभ्यासकांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली असावी. पद्धतीचा प्रसार झाला तो तिच्या काटकसरीमुळे. १९७० च्या दशकातील यंत्रांना प्रत्येक अंतरासाठी संपूर्ण वर्णपट काढणे झेपत नव्हते. गुणाकार आणि बेरीज झेपत होती.

१० सेंमी. तरंगलांबी आणि सेकंदाला १,००० स्पंद धरल्यास ५ मी./से. वेगाला दोन स्पंदांत ३६ अंशांचा कलाबदल होतो व २५ मी./से.ला १८० अंशांचा. त्यापुढे गोंधळ होतो : ३० मी./से. वेगाने जवळ येणारा वारा २० मी./से.ने दूर जाताना दिसतो. स्पंद अधिक झपाट्याने सोडले तर ही मर्यादा वाढते, पण नि:संदिग्ध पल्ला (पुढचा स्पंद सुटण्याआधी प्रतिध्वनी परतेल असे कमाल अंतर; येथे १५० किमी.) घटतो. दोन्ही मर्यादांचा गुणाकार तरंगलांबीने बांधलेला असतो. त्यातून वाट काढण्यासाठी दोन वेगवेगळे स्पंददर आलटूनपालटून वापरतात किंवा स्पंदांना कलासंकेत देतात (प्रत्येकाची कला ठराविक क्रमाने बदलतात).

डोंगर व इमारतींचे प्रतिध्वनी शून्य वेगाभोवती साचतात. तेवढा भाग सरसकट छाटला तर रडारला काटकोनात वाहणाऱ्या वाऱ्यातला पाऊसही जातो. सिग्जिया व पासारेली यांनी २००४ मध्ये मांडलेली रीत हा भाग काढून उरलेल्या वर्णपटावर गाऊसी (घंटेच्या आकाराचा) वक्र बसवते व पोकळी भरते. अमेरिकेतील नेक्सरॅड या हवामान रडारांच्या जाळ्याने ती स्वीकारली. संगणन स्वस्त झाल्याने वर्णपट असा परत आला.

मांढरदेव येथे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे एक्स-पट्ट्यातील रडार आहे. त्याच्या सु. ३ सेंमी. तरंगलांबीला वरील स्पंददराने वेगमर्यादा ७.५ मी./से. इतकीच उरते. मॉन्सूनचा वारा ती सहज ओलांडतो.