सायकलवर कमावलेला दम पळताना किती कामी येतो?

१९७७ साली हवाईतल्या ओआहू बेटावर, एका रिले शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद रंगला: सर्वांत तंदुरुस्त कोण, पळणारा की पोहणारा? अमेरिकी नौदलातल्या जॉन कॉलिन्स यांनी त्यात बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्सचं नाव टाकलं. प्राणवायू वापरण्याची त्याची क्षमता सर्वाधिक असल्याचं त्यांनी एका मासिकात वाचलं होतं. तिन्ही प्रकार एकापाठोपाठ करूनच निकाल लावायचं ठरलं आणि १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पोहणं, सायकल आणि पळणं सलग असलेली पहिली आयर्नमॅन शर्यत झाली. १५ जण उतरले, १२ जणांनी ती पुरी केली.

प्रयोगशाळांत हा प्रश्न त्याआधीच पोचला होता. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९१३च्या सुमारास कोपनहेगनमध्ये सायकल एर्गोमीटर, म्हणजे केलेलं काम मोजणारी एका जागी उभी सायकल, बनवला, आणि पुढे अनेक ठिकाणी दम सायकलवर मोजला जाऊ लागला. बसलेल्या माणसाचा श्वास आणि नाडी मोजणं सोपं, शिवाय त्याने किती काम केलं तेही नेमकं कळतं. पुढे १९६९ मध्ये हर्मनसेन आणि साल्टिन या संशोधकांनी तीच माणसं सायकलवर आणि चढत्या ट्रेडमिलवर तपासली. ट्रेडमिलवर प्राणवायूचा कमाल वापर सुमारे ७ टक्के जास्त भरला, कारण पळताना अधिक स्नायू कामाला लागतात.

मला खरा उलगडा वाटतो तो साल्टिन आणि सहकाऱ्यांच्या १९७६च्या प्रयोगात. त्यांनी सायकलवर एकेका पायाला वेगळा सराव दिला. शरीर एक, हृदय एक, रक्तही तेच. तरी प्राणवायू वापरणारी एन्झाइम वाढली ती ज्या पायाने सराव केला त्याच्याच स्नायूंत. म्हणजे हृदयाची कमाई सगळ्या शरीराला मिळते, स्नायूची कमाई त्या स्नायूपुरतीच राहते. आणि सायकलवर पाऊल जमिनीवर आपटतच नाही, त्यामुळे हाडांना आणि स्नायू हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना हादरे सोसायची सवय लागत नाही.

मैदानावर याच्या दोन्ही बाजू दिसल्या. १९८४ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीला १७ दिवस उरले असताना अमेरिकी धावपटू जोन बेनॉइटच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. पळता येत नव्हतं, तेव्हा तिने हातांनी पेडल फिरवून दम टिकवला, चाचणी जिंकली आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही २:२४:५२ वेळेत मारली. तिच्या पायांत वर्षानुवर्षांचं पळणं आधीच मुरलेलं होतं.

लान्स आर्मस्ट्राँगचं उलटं झालं. त्याची टूर द फ्रान्स सायकल शर्यतीची विजेतेपदं उत्तेजकांमुळे २०१२ मध्ये काढून घेतली गेली, पण तो कसलेला सायकलपटू होता यात शंका नाही. २००६च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये त्याने २:५९:३६ घेतले. नडग्या ठणकत होत्या, आणि आपण केलेलं हे सर्वांत कठीण शारीरिक काम, असं तो नंतर म्हणाला.

आज मुंबई-पुण्यात मॅरेथॉनची तयारी करणारे आठवड्यातली एखादी हलकी धाव सायकलवर काढतात, आणि ते बरोबरच आहे. लांब धाव मात्र पायांनीच करावी लागते. सायकलवरून पळण्याकडे येणाऱ्यांनी सुरुवातीचे काही महिने किलोमीटर दमाच्या हिशेबाने वाढवू नयेत, नडगी आणि घोटे काय सांगतात त्यावर वाढवावेत. दम त्यांच्याकडे आधीपासून आहे.