राखेचा बुधवार: बुधवारच का आणि राखच का

ईस्टर रविवारी, त्याच्या आधीचा झावळ्यांचा रविवार (पाम संडे) तर नावातच रविवार, मग ईस्टरपर्यंत चालणारा 40 दिवसांचा ख्रिस्ती उपवासकाळ मधेच बुधवारी, म्हणजे चर्चमध्ये राख लावतात त्या राखेच्या बुधवारी (अ‍ॅश वेन्सडे), कसा काय सुरू होतो? तर हिशोबात चार दिवस कमी पडले म्हणून!

झालं असं की 40 चा आकडा जुनाच, येशूने रानात 40 दिवस उपास केला त्यावरून आलेला, 325 सालच्या नायसियाच्या चर्च परिषदेच्या नियमांतही या चाळीस दिवसांचा उल्लेख आहे. पण रोममध्ये सुरुवात व्हायची रविवारी, ईस्टरच्या सहा आठवडे आधी. आता सहा आठवड्यांचे 42 दिवस, त्यातून 6 रविवार वजा, कारण रविवार म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही, मग उरले 36. पोप पहिले ग्रेगरी (590 ते 604) यांनी त्यातही अर्थ काढला, की बघा, वर्षाचा दशांश देवाला दिला. पण चाळीस म्हणायचं आणि छत्तीस पाळायचे हे काही बरं दिसेना, त्यामुळे पुढे सातव्या शतकाच्या आसपास रविवारच्या मागे चार दिवस जोडले, शनि, शुक्र, गुरू, बुध. आला बुधवार. इटलीत मिलानवाल्यांनी हे कधी मानलंच नाही, त्यांचा काळ अजून रविवारीच सुरू होतो, आणि केरळातल्या सिरो-मलबार चर्चमध्ये सोमवारी, तिथे त्या दिवसाला चक्क विभूती सोमवार म्हणतात.

राखेची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. गोणपाट नेसून राखेत बसणं ही बायबलच्या जुन्या करारातली शोकाची, पश्चात्तापाची रीत, योना या संदेष्ट्याचं ऐकून निनवे शहराचा राजा बसला तशी. चर्चमध्ये आधी ही राख सगळ्यांसाठी नव्हतीच, गंभीर पाप जाहीर झालेल्यांसाठी होती. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला रेगिनो नावाच्या मठाधिपतीने लिहून ठेवलंय, की असे लोक अनवाणी, गोणपाट नेसून चर्चच्या दारात यायचे, बिशप त्यांच्यावर राख घालायचे आणि आदामाला बागेतून काढलं तसं त्यांना बाहेर काढायचे, परत आत घ्यायचे ते थेट ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी. मग हळूहळू बाकीचे लोकही आपणहून राख घ्यायला लागले, आम्ही तरी कुठले धुतल्या तांदळाचे म्हणून, मला तर या सगळ्या इतिहासात हेच सगळ्यात भारी वाटतं. 1091 साली बेनेव्हेंटोच्या परिषदेत पोप दुसरे अर्बन यांनी ते सगळ्यांसाठीच लागू केलं.

राख येते कुठून, तर गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्यांतून. घरोघरी क्रूसामागे खोचलेल्या वाळक्या झावळ्या चर्चमध्ये आणून जाळायच्या, राख चाळून घ्यायची, की झालं. आपल्याकडे फादर त्याने कपाळावर क्रूस काढतात, इटलीत मात्र चिमूटभर राख डोक्यावर टाकतात, पोपच्यासुद्धा. कोरोनात 2021 ला व्हॅटिकनने सगळीकडेच तसं करायला सांगितलं, हात लावायला नको म्हणून.

प्रोटेस्टंट सुधारकांना हे सगळं फारसं पटलं नाही. 1522 ला झुरिकमध्ये फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी ऐन उपवासकाळात, मांस बंद असताना, सॉसेज खाल्ले गेले, झुरिकचे धर्मसुधारक झ्विंग्ली तिथे हजर होते, त्यांनी स्वतः खाल्लं नाही पण नंतर प्रवचन देऊन खाणाऱ्यांची बाजू घेतली. एवढ्याशा सॉसेजवरून स्वित्झर्लंडची धर्मसुधारणा पेटली!

गोव्यात पोर्तुगीजांबरोबर याची जोडगोळीच आली, आधी इंत्रूज म्हणजे कार्निव्हल, मंगळवारपर्यंत नाचून घ्या, खाऊन घ्या, आणि बुधवारपासून कोरेज्म, म्हणजे हाच उपवासकाळ.

नियम आता बरेच सैल आहेत. 1966 ला पोप सहावे पॉल यांनी कॅथलिकांसाठी सक्तीचे उपास दोनच ठेवले, हा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एक पोटभर जेवण, वर दोन वेळा थोडंसं खाणं चालतं, मांस बंद पण मासे चालतात. आता किनाऱ्यावरच्या माणसाला मासे चालतात म्हटल्यावर कसला आलाय उपास, पण साबुदाण्याची खिचडी हाणणाऱ्या आपण त्यावर न बोललेलंच बरं.