तत्कालीन वाद्ये आणि ४३० चा आकडा : पार्श्वभूमी

अठराव्या शतकातले संगीतकार हायडन आणि मोझार्ट यांच्या सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना, त्यांच्या काळच्या धाटणीच्या वाद्यांवर वाजवण्याची पद्धत आज रुळली असली, तरी ती बरीच अलीकडची आहे. जुन्या वाद्यांचा शोध लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला आणि १९५३ पासून व्हिएन्नात त्याला वाद्यवृंदाचे रूप येऊ लागले; मात्र सुरुवातीचा भर बाख आणि त्याच्या आधीच्या संगीतावर होता. मोझार्टच्या सिम्फनींचा समग्र संच लंडनमध्ये ध्वनिमुद्रित होऊ लागला तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस, आणि पुढच्या दशकात बेथोव्हेनही या वाटेवर आला.

तातीच्या (आतड्याच्या) तारा, हलके गज आणि झडपा नसलेले हॉर्न यांमुळे नाद बदलतो, हे ऐकताक्षणीच कळते. अशा हॉर्नच्या रुंद तोंडात वादक हात सरकवून काही स्वर अर्धवट दाबून काढतो; ते स्वर मुके, किंचित घुसमटलेले येतात आणि संगीतकाराने ते तसेच येणार हे धरून लिहिलेले असते.

खरा गुंता स्वराच्या उंचीचा आहे. आपल्याकडे गायक गळ्याप्रमाणे काळी एक की पांढरी चार हे ठरवतो, त्यामुळे हा वाद क्षुल्लक वाटू शकेल. वाद्यवृंदाला मात्र एकाच आकड्यावर यावे लागते; तो आकडा म्हणजे सूर जुळवायच्या ‘ए’ या स्वराची सेकंदाला होणारी कंपने (हर्ट्झ). ४४० हर्ट्झ हा आकडा १९३९ च्या लंडन परिषदेतला. त्याआधी फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ४३५ ठरवला होता आणि १८८५ च्या व्हिएन्ना परिषदेने तोच उचलून धरला. अठराव्या शतकात असा सर्वमान्य आकडा नव्हताच. गावोगावी, कधी एकाच गावातल्या चर्चमध्ये आणि नाट्यगृहात, उंची वेगळी असे. संगीतकार हँडलचा म्हणून सांगितला जाणारा स्वरकाटा (सूर जुळवायचा धातूचा चिमटा) ४२२.५ च्या आसपास भरतो.

जुन्या वाद्यांचे पुनरुज्जीवन करणाऱ्यांनी बरोक, म्हणजे बाख-हँडलच्या काळच्या, संगीतासाठी ४१५ निवडला. त्यामागे इतिहासाइतकीच सोय होती, कारण तो ४४० च्या खाली बरोबर एक पट्टी येतो आणि हार्प्सिकॉर्ड या पियानोआधीच्या वाद्याचा स्वरपट्ट आडवा सरकवला की काम भागते. हायडन-मोझार्टसाठी ४३० ठरला, आणि तो ४४० पासून अर्ध्या पट्टीपेक्षाही कमी अंतरावर आहे. व्हायोलिनवादक खुंटी पिळून मोकळा होतो. ओबो या लाकडी फुंकवाद्याच्या वादकाची मात्र अडचण होते, कारण लाकडात पाडलेली भोके हलवता येत नाहीत. बाखसाठी एक आणि मोझार्टसाठी दुसरा असे दोन ओबो त्याला बाळगावे लागतात. म्हणजे ‘मूळ’ म्हणून जी उंची ऐकवली जाते, ती विसाव्या शतकातली तडजोड आहे. तडजोडीत गैर काही नाही, फक्त ती तडजोड म्हणून सांगायला हवी होती.

ट्रम्पेटची गोष्टही याच जातीची आहे. आज अशा वाद्यवृंदांत दिसणाऱ्या अनेक ट्रम्पेटना स्वर शुद्ध यावेत म्हणून बोटांची भोके असतात. ही सोय मागच्या शतकाच्या मध्यावर निघाली, मोझार्टच्या वादकांकडे ती नव्हती. असे आक्षेप वाढत गेल्यावर १९८० च्या दशकापासून ‘ऑथेंटिक’ हा शब्द मागे पडला आणि ‘इतिहासाच्या अभ्यासावर आधारलेले वादन’ असे सावध वर्णन रूढ झाले.

दरम्यान नेहमीच्या आधुनिक वाद्यवृंदांनीही बेथोव्हेनसाठी झडपांविना ट्रम्पेट आणि टिंपनी या नगाऱ्यांच्या टणक काठ्या उसन्या घेतल्या आहेत. बाकीची वाद्ये आजचीच, आणि सूर ४४० च्या घरातला.