व्हॅक्यूम वायपर घाटात का थांबतो, त्यामागची गोष्ट

कोल्हापुरातनं पावसाळ्यात गगनबावड्याकडं जुनी गाडी काढली की एक तक्रार हमखास येते, चढ लागला की वायपर मरतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की परत जोरात हालायला लागतो. मग कुणीतरी सांगतं की वायपरची ती इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर, चालणारी मोटर काढून टाक, इलेक्ट्रिक बसव. मला ते अजिबात पटत नाही, कारण ती मोटर बिघडलेलीच असते असं नाही, ती बनलीच तशी आहे.

काच पुसायच्या, हातानं हलवायच्या दांडीचं पेटंट अमेरिकेत मेरी अँडरसनला 1903 मध्ये मिळालं, पण तेव्हा कुणी ते विकत घेतलं नाही. पुढं बफेलोच्या जॉन ओइशेईच्या गाडीची पावसात एका सायकलवाल्याला धडक बसली, काच नीट दिसत नव्हती म्हणून, आणि त्यातनं 1917 मध्ये वायपर बनवणारी ट्रायको कंपनी उभी राहिली. इंजिनाच्या जोरावर चालणारा वायपर मात्र क्लीव्हलंडच्या फोलबर्थ भावांचा, त्यांचा धंदासुद्धा नंतर ट्रायकोनंच घेतला.

तेव्हा गाड्या 6 व्होल्टच्या, डायनामो अशक्त, त्यात आणखी एक मोटर चालवायची म्हणजे बॅटरीवर भार, आणि इकडं इनटेक मॅनिफोल्डमधली, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतली, ओढ तर फुकटच होती. म्हणून एक नळी तिथनं काढून पत्र्याच्या डबीत सोडली, आत एक पाकळी, एक व्हॉल्व्ह ओढ आलटून पालटून तिच्या दोन्ही बाजूंना देतो आणि पाकळी डावी-उजवी हालते, तिच्याबरोबर वायपरपण. आयडलिंगला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू असताना, ही ओढ पाऱ्याच्या 18 ते 20 इंचांएवढी असते, अ‍ॅक्सिलरेटर दाबून थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, पूर्ण उघडला की जवळजवळ शून्य. कोकणातनं परत गगनबावड्याला येताना करूळ घाट चढायला लागलं की नेमकं तेच होतं! तरी अमेरिकेत एएमसी (अमेरिकन मोटर्स) कंपनीच्या गाड्यांवर हा वायपर 1972 पर्यंत होता, आपल्याकडच्या जुन्या विलीज जीपवरपण लोकांनी बघितलाय.

आता मोटर खरंच बिघडते ती बहुतेक वेळा पाकळीच्या कडेच्या चामड्यामुळं, जुन्या मोटरींत तिथं चामडंच असायचं. ते स्टोव्हच्या पंपातल्या वायसरासारखं वाळतं, आकसतं आणि कडेनं हवा सुटते, त्यात जुनं ग्रीस लाखेसारखं घट्ट झालेलं. ग्रीस रॉकेलनं साफ करा पण चामड्याला ते लावू नका, चामडं तेलात मुरू द्या, आणि फाटलंच असेल तर कोल्हापूरसारख्या चामड्याच्या गावात तेवढा पातळ, एकसारखा तुकडा कापून देणारा हात मिळतो, झाकणाचं गॅस्केट आणि बारीकसारीक टर्निंगचं काम तिथल्याच उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत होतं. रबरी नळी मात्र नवीनच टाका, चिरलेली नळी वरनं चांगली दिसते आणि सगळी ओढ तिथंच जाते.

मोटर चांगली होऊनही घाटात फारच मंद वाटली तर फ्युएल पंप बघा. काही गाड्यांत त्याच पंपाला व्हॅक्यूमचा दुसरा कप्पा असतो, चढावर वायपरला आधार द्यायला. त्याचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदा, फाटला तर वायपर तर मंदावतोच, शिवाय इंजिन ऑइल मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं आणि सायलेन्सरमधनं निळा धूर येतो, मग लोक विनाकारण पिस्टन रिंगा बदलत बसतात.